ब्लॅक मास प्रकल्पातून निघणारे सोडियम सल्फेट: विकावे, जमिनीत पुरावे की मुळातच टाळावे?

मंजूसर_प्रक्रिया (प्रश्न)

नमस्कार. बडोद्याजवळ सावली तालुक्यातील मंजूसर औद्योगिक वसाहतीत, वापरून झालेल्या लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या ब्लॅक मासवर, म्हणजे बॅटऱ्या दळून मिळणाऱ्या काळ्या भुकटीवर, प्रक्रिया करणारा एक लहान प्रकल्प उभा राहतो आहे आणि त्याच्या प्रक्रिया-आराखड्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. रोज 3 टन ब्लॅक मास सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये विरघळवायचे, तांबे, लोह आणि ॲल्युमिनियम काढून टाकायचे, त्यानंतर सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शनने, म्हणजे धातू निवडून उचलणाऱ्या सेंद्रिय द्रवाने (एक्स्ट्रॅक्टंट), मँगनीज, कोबाल्ट आणि निकेल वेगळे करायचे आणि शेवटी सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) घालून लिथियम कार्बोनेट पाडायचे, असा हा सर्वपरिचित क्रम आहे. धातूंच्या वसुलीबद्दल आमच्या सल्लागारांच्या अहवालात चाळीस पाने आहेत, परंतु गंधकाचे पुढे काय होते याबद्दल एकच वाक्य आहे: "सोडियम सल्फेट उपउत्पादन म्हणून डिटर्जंट उद्योगास विकले जाईल."

त्या वाक्यावर माझे समाधान झाले नाही, म्हणून मी हिशेब मांडला. ब्लॅक मासमध्ये कॅथोडचा, म्हणजे धन ध्रुवाच्या धातू-ऑक्साइडचा, भाग 60 टक्के धरला, तर एका टनात सुमारे 6.2 किलोमोल लिथियम-धातू ऑक्साइड येते. ते विरघळवण्यासाठी प्रत्येक मोलमागे दीड मोल सल्फ्युरिक आम्ल लागते. धातू एक्स्ट्रॅक्टंटमध्ये जाताना आणि लिथियम कार्बोनेट होताना हे सगळे सल्फेट सोडियमच्या जोडीने द्रावणात उरते. म्हणजे एका टन ब्लॅक मासमागे किमान 1.3 टन निर्जल सोडियम सल्फेट तयार होते, आणि जादा आम्ल उदासीन करण्यासाठी लागणारा कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) जमेस धरला तर दीड टनाच्या जवळ जाते. रोजचे चार ते साडेचार टन! आम्ही जेवढा माल विकत घेऊ त्याहून जास्त मीठ आमच्या दारातून बाहेर पडणार आहे.

माझे प्रश्न असे आहेत. हे मीठ खरोखर विकले जाते का? एका बैठकीत सुचवल्याप्रमाणे ते द्रावणरूपातच टँकरने सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे पाठवणे योग्य ठरेल का? लिथियमच्या खाणी आणि शुद्धीकरण कारखाने यांच्याकडे हाच प्रश्न आमच्यापेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर असणार, ते काय करतात? आणि सल्फेट मुळातच कमी होईल अशी प्रक्रिया आमच्या आकाराच्या प्रकल्पाला परवडेल का? पर्यावरण मंजुरीचा अर्ज अजून दाखल झालेला नाही, त्यामुळे आराखडा बदलण्यास अद्याप वाव आहे.

बाष्पीभवन_नंदेसरी

आपला हिशेब बरोबर आहे आणि तो अर्ज दाखल होण्यापूर्वी मांडला गेला, हे विशेष महत्त्वाचे आहे. नंदेसरी आणि परिसरातील कारखान्यांमध्ये बहुपरिणामी बाष्पीभवन संच, म्हणजे आपण ज्याला एमईई म्हणतो ते, चालवण्यात माझी नोकरी गेली. त्या अनुभवातून लिहितो.

सोडियम सल्फेट हे विकले जाणारे मीठ आहे, यात शंका नाही. डिटर्जंट पावडर, काच, क्राफ्ट कागद आणि रिॲक्टिव्ह रंगांची रंगाई हे त्याचे जुने ग्राहक आहेत. परंतु गुजरातमध्ये हा माल आधीच भरपूर आहे. व्हिस्कोस धागा तयार होताना आम्ल आणि कॉस्टिकच्या संयोगातून सोडियम सल्फेटच निघते, आणि भरूच जिल्ह्यातील खरचसारख्या ठिकाणी ते मोठ्या प्रमाणावर, एकसारख्या गुणवत्तेने आणि पांढरेशुभ्र तयार होते. डिटर्जंटवाला प्रथम रंग पाहतो, नंतर पीएच पाहतो आणि त्यानंतर लोहाचे प्रमाण विचारतो. आपल्या मिठात निकेलचा हिरवट किंवा कोबाल्टचा गुलाबी अंश डोळ्यांना दिसला, तर नमुना परत येईल. तो दिसला नाही, तरी प्रयोगशाळेत सापडेल. निकेलमुळे त्वचेला ॲलर्जी होते, आणि कपडे धुण्याच्या पावडरीत ते जाऊ देण्याचा धोका कोणताही जबाबदार खरेदीदार पत्करणार नाही.

म्हणून विक्रीचा विचार करायचा असेल, तर स्फटिकीकरण दोन टप्प्यांत करावे. प्रथम द्रावण थंड करून ग्लॉबर सॉल्ट, म्हणजे पाण्याचे दहा रेणू धरलेले स्फटिक, पाडावेत. या मिठाची विद्राव्यता विलक्षण आहे: शंभर ग्रॅम पाण्यात 0 अंशाला जेमतेम 5 ग्रॅम, 20 अंशाला 19 ते 20 ग्रॅम आणि 32.4 अंशाला जवळजवळ 50 ग्रॅम विरघळते. त्यापुढे तापमान वाढवले की विद्राव्यता उलट कमी होऊ लागते आणि 100 अंशाला ती 42 ते 43 ग्रॅमवर येते. थंड करताना मीठ भराभर बाहेर पडते आणि बहुतेक अशुद्धी मदर लिकरमध्ये, म्हणजे स्फटिक काढल्यावर उरलेल्या द्रावणात, राहतात. ते स्फटिक सेंट्रिफ्यूजमध्ये थोड्या थंड पाण्याने धुऊन, पुन्हा वितळवून, नंतर बाष्पीभवनाने निर्जल मीठ काढले, तर 99 टक्क्यांच्या आसपासची शुद्धता गाठता येते. एकदम बाष्पीभवन करून एटीएफडीतून, म्हणजे पातळ थर ढवळत सुकवणाऱ्या यंत्रातून, जे सुकवून काढतात, ते करडे, ओलसर, सगळे काही पोटात घेतलेले एमईई सॉल्ट असते. त्याला ग्राहक नसतो आणि ते टीएसडीएफकडेच, म्हणजे घातक कचऱ्याच्या विल्हेवाट केंद्राकडेच, जाते.

दोन व्यावहारिक गोष्टी सांगतो, कारण त्या अहवालांत सापडत नाहीत. 32.4 अंशांच्या वर विद्राव्यता घटत असल्यामुळे हीट एक्स्चेंजरच्या सर्वांत गरम पृष्ठभागावरच, म्हणजे नळ्यांच्या आतल्या भिंतीवर, मीठ बसते. केवळ गुरुत्वाने वाहणारा संच घेतला, तर नळ्या धुण्यासाठी तो वारंवार बंद करावा लागतो. फोर्स्ड सर्क्युलेशनच हवे आणि नळीतला वेग राखणारा पंप हवा, त्यात काटकसर करू नये. दुसरे असे की ग्लॉबर सॉल्ट गोदामात साठवण्याच्या भानगडीत पडू नये. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमधले तापमान 40 अंशांच्या वर जाते, आणि हे स्फटिक 32.4 अंशांनाच स्वतःच्या पाण्यात विरघळू लागतात. पोती बाहेरून कोरडी दिसतात, पण तळाशी दाट, खारट ओघळ सुटून तो जमिनीच्या भेगांत शिरतो. ते पाणी काँक्रीटच्या सिमेंटमधील ॲल्युमिनेटशी संयोग पावून फुगते आणि फरशी उखडते. गोदामाची फरशी फुटलेली दिसली की बांधकाम ठेकेदाराला दोष दिला जातो, प्रत्यक्षात दोष साठवणुकीचा असतो.

खर्चाबाबत एवढेच सांगतो की, आपले द्रावण लिटरमागे 100 ग्रॅम सल्फेटचे असेल, तर रोज 40 घनमीटरहून जास्त पाणी उडवावे लागेल. बॉयलरची वाफ घेण्यापेक्षा यांत्रिक वाफ-पुनर्दाब, म्हणजे एमव्हीआर, घेतलेला बरा. सुरुवातीची गुंतवणूक जड वाटते, परंतु पुढची दहा वर्षे कोळशाच्या किंवा गॅसच्या भावाकडे पाहत बसावे लागत नाही.

पादरा_शेती

आपण दोघेही कारखान्याच्या आतून बोलत आहात. मी कुंपणाच्या बाहेरची बाजू मांडतो. द्रावण टँकरने सामायिक केंद्राकडे पाठवावे, हा विचार कृपया सोडून द्यावा.

बडोद्याच्या औद्योगिक सांडपाण्याची जी वाहिनी आहे, ती सुमारे 55 किलोमीटर लांबीची असून 1980 च्या दशकापासून पादरा आणि जंबुसर तालुक्यांच्या शिवारांतून जाऊन सारोद गावाजवळ महीच्या मुखाशी समुद्राला मिळते. सामायिक केंद्रातील जैविक प्रक्रिया सेंद्रिय भार कमी करते, परंतु सोडियम आणि सल्फेट यांना तेथील एकही जीवाणू खात नाही. जे आत जाते, ते जवळजवळ तसेच बाहेर येते. समुद्राच्या पाण्यात मुळातच लिटरला सुमारे 2,700 मिलिग्रॅम सल्फेट असते, त्यामुळे समुद्रात पोहोचल्यावर काही बिघडत नाही, असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. तो मुखापाशी कदाचित टिकेल. वाटेतल्या 55 किलोमीटरचे काय? जिथे पाझर होतो, जिथे टंचाईच्या काळात लोक तेच पाणी उपसतात, तिथे शेवटी हे मीठ जमिनीतच मुरते.

आमच्याकडच्या काळ्या जमिनीला सल्फेटपेक्षा सोडियमचे वावडे जास्त आहे. सोडियम मातीच्या कणांवरील कॅल्शियमची जागा घेते, कण सुटे होतात, पाणी मुरत नाही आणि वाळल्यावर जमीन दगडासारखी होते. हीच क्षारपड जमीन सुधारण्यासाठी कृषी खाते जिप्सम टाकण्याचा सल्ला देते, आणि जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. दोन्ही सल्फेटच, परंतु एक जमीन मारते आणि दुसरे तिला सुधारते. "सल्फेट निरुपद्रवी आहे" असे सरसकट विधान कुणी केले, तर त्यासोबत कोणता धातू आहे हे आधी विचारावे.

दुसरा धोका वासाचा आणि त्याहून गंभीर आहे. सल्फेटयुक्त पाणी सेंद्रिय सांडपाण्यात मिसळून बंद गटारात किंवा टाकीत ऑक्सिजनविना राहिले, की तिथे वाढणारे वेगळ्या जातीचे जीवाणू सल्फेट वापरून त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात. हा वायू हवेपेक्षा जड असून खोलगट जागी साचतो. सडक्या अंड्याचा वास येतो तोवर माणूस सावध असतो, परंतु 100 पीपीएमच्या आसपास नाकच काम करेनासे होते आणि वास गेला म्हणजे धोका टळला, असा समज होतो. मॅनहोलमध्ये एकामागून एक उतरलेले कामगार जिवाला मुकल्याच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. काँक्रीटच्या नळाच्या वरच्या भागावर हाच वायू पुन्हा आम्लात बदलतो आणि नळ आतून झिजतो. पृष्ठजलात सोडण्याच्या पाण्यात सल्फाइडची मर्यादा लिटरला 2 मिलिग्रॅम आणि किनारी समुद्रासाठी 5 मिलिग्रॅम ठेवलेली आहे, ती याच कारणासाठी.

आणि पिण्याच्या पाण्याचे भान ठेवावे. शहराला फाजलपूर, रायका, दोडका आणि पोइचा येथील महीच्या पात्रातील फ्रेंच विहिरींतून पाणी मिळते. पिण्याच्या पाण्यात सल्फेट 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर 400 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घ्यावे, असे भारतीय मानक सांगते. त्या नदीच्या पाणलोटात रोज चार टन मीठ द्रावणरूपाने फिरवणारा टँकर एखाद्या रात्री कुठे रिकामा होईल, याची हमी कोण देणार? माझ्या गावाजवळच्या ओढ्यात असे टँकर रिकामे झालेले आहेत, आणि ते कुणाचे होते हे शेवटपर्यंत कळले नाही. घन स्वरूपातील मीठ निदान मोजता येते.

कलाभवन_रसायन

वरील दोन्ही प्रतिसाद मला मान्य आहेत. मी मूळ प्रश्नातील खाणी आणि पर्यायी प्रक्रिया या भागांकडे वळतो. मी अध्यापन क्षेत्रात आहे.

कठीण खडकातून लिथियम काढण्याची रूढ पद्धत अशी आहे: स्पोड्युमीन हे लिथियमयुक्त खनिज सुमारे 1,050 ते 1,100 अंशांना भाजून त्याचे रूप बदलतात, मग सांद्र सल्फ्युरिक आम्लासोबत 200 ते 250 अंशांना पुन्हा भाजतात आणि पाण्यात लिथियम सल्फेट उतरवतात. त्यात सोडा ॲश घातली, की एका टन लिथियम कार्बोनेटमागे 1.92 टन सोडियम सल्फेट निघते. लिथियम हायड्रॉक्साइड करायचे असेल, तर कॉस्टिक घालून द्रावण शून्याच्या आसपास थंड करतात आणि ग्लॉबर सॉल्ट बाहेर काढतात. त्या मार्गाने एका टन हायड्रॉक्साइड मोनोहायड्रेटमागे निर्जल हिशेबाने 1.69 टन सल्फेट येते. शिवाय जादा आम्ल चुनखडीने मारल्यावर जिप्सम मिळते आणि आम्ल उतरून गेलेल्या ॲल्युमिनोसिलिकेटचा ढीग उरतो. तो ढीग सल्फेटपेक्षाही कितीतरी मोठा असतो. त्याचा वापर सिमेंट आणि सिरॅमिकमध्ये करण्याचे प्रयत्न चालू आहेत.

खनिजाची जात बदलली की गंधकाचा हिशेबही बदलतो. अमेरिकेतील नेव्हाडा राज्यात थॅकर पास येथे लिथियम मातीत आहे, आणि ती माती विरघळवण्यासाठी प्रकल्पाच्या जागेवरच वितळलेले गंधक जाळून सल्फ्युरिक आम्ल करण्याची योजना आहे. एक टन गंधकापासून तीन टनांहून थोडे जास्त आम्ल होते आणि जाळताना सुटणाऱ्या उष्णतेची वाफ व वीज मिळते, ही त्यातली जमेची बाजू आहे. परंतु मातीतील मॅग्नेशियमही आम्ल पिते, त्यामुळे मॅग्नेशियम सल्फेट आणि उदासीन केलेला चिखल कोरड्या स्वरूपात रचून ठेवावा लागतो. आपल्याकडे हे परके राहणार नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने फेब्रुवारी 2023 मध्ये जम्मू-काश्मीरमधील रियासी येथे 59 लाख टनांच्या अनुमानित साठ्याची घोषणा केली. तो साठाही मातीशी आणि बॉक्साइटशी निगडित आहे, स्पोड्युमीनचा नव्हे. तेथे काढणी झालीच, तर लिथियमच्या किमतीइतकीच चर्चा आम्लाची आणि मॅग्नेशियम-कॅल्शियमची व्हायला हवी, आणि हिमालयाच्या पायथ्याशी सल्फेटचे ढीग कुठे ठेवणार, हा प्रश्न उत्खननापूर्वी विचारला गेला पाहिजे असे मला मनापासून वाटते.

हे गंधक येते कुठून, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. जगातील बहुतेक गंधक आज कच्चे तेल आणि नैसर्गिक वायू शुद्ध करताना मिळते. आपल्या कोयलीच्या रिफायनरीत तेलातून काढलेले गंधक क्लाउस पद्धतीने पिवळ्या घन स्वरूपात मिळवले जाते, त्याचे आम्ल होते आणि ते आम्ल बॅटरीच्या धातूंना विरघळवते. तेलाचा वापर कमी करण्यासाठी उभ्या राहणाऱ्या उद्योगाचा कच्चा माल तेलातूनच येतो आहे. पुढे तेल शुद्धीकरण घटले, तर गंधक महागेल. त्या दिवशी आज टाकाऊ वाटणारे सल्फेट परत आम्लात बदलणे फायद्याचे ठरेल.

ते बदलता येते. द्विध्रुवी पटलाच्या इलेक्ट्रोडायलिसिसमध्ये वीज वापरून सोडियम सल्फेटचे पुन्हा कॉस्टिक आणि सल्फ्युरिक आम्ल करता येते: एका टन मिठापासून सिद्धांततः 563 किलो कॉस्टिक आणि 690 किलो आम्ल. दोन्ही आपल्याच प्रक्रियेत परत लागतात, त्यामुळे कल्पना अतिशय आकर्षक आहे. अडचणी अशा की मिळणारी दोन्ही द्रावणे पातळ असतात, ती पुन्हा वापरताना पाण्याचा समतोल बिघडतो, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे अगदी सूक्ष्म प्रमाणही पटलांना मारक ठरते. रोज चार टनांसाठी मी आज ते सुचवणार नाही. मात्र स्फटिकीकरण संचाशेजारी त्यासाठी जागा आणि विजेची जोडणी ठेवावी.

चुन्याचा मार्ग तुम्हाला कुणीतरी सुचवेल, म्हणून आधीच सांगतो. एक टन आम्ल चुन्याने मारले, तर सुमारे 1.75 टन जिप्सम होते. जिप्सम स्वतः लिटरला दोन-अडीच ग्रॅम विरघळत असल्यामुळे पाण्यात सल्फेट दीड हजार मिलिग्रॅमच्या आसपास राहतेच, कितीही चुना टाकला तरी. स्वच्छ जिप्सम सिमेंट कारखाने घेतात. निकेल आणि फ्लोराइड अडकलेले जिप्सम मात्र घातक कचऱ्यातच जमा होते. तेव्हा सोडियमचे सल्फेट टाळण्यासाठी कॅल्शियमचा ढीग घेणे म्हणजे आगीतून उठून फुफाट्यात पडण्यासारखे होईल.

मंजूसर_प्रक्रिया

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. द्रावण बाहेर पाठवण्याचा विचार मी रद्द करत आहे आणि तसे टिपण आजच व्यवस्थापनाला देत आहे. आणखी दोन शंका आहेत. एक म्हणजे, एक्स्ट्रॅक्टंटचे सॅपोनिफिकेशन (वापरापूर्वी अल्कलीने उदासीन करणे) कॉस्टिकऐवजी अमोनियाने केले तर अमोनियम सल्फेट मिळेल. त्यात सुमारे 21 टक्के नायट्रोजन आणि 24 टक्के गंधक असते आणि ते खत म्हणून विकले जाते. बडोद्यात फर्टिलायझरनगरला कॅप्रोलॅक्टमसोबत निघणारे अमोनियम सल्फेट कित्येक वर्षे शेतात जाते आहे, मग आमचे का जाऊ नये? दुसरी शंका फ्लोराइडची आहे. इलेक्ट्रोलाइटमधील लिथियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट आणि कॅथोडला चिकटवणारा पीव्हीडीएफ यांच्यामुळे आमच्या नमुन्यात फ्लोराइड बरेच आहे. ते मिठात उतरेल का?

पादरा_शेती

खताबद्दल मी स्पष्ट लिहितो. अमोनियम सल्फेट मी स्वतः वापरतो आणि गंधकाची कमतरता असलेल्या आमच्या जमिनीत तेलबियांना त्याचा उपयोग होतो, परंतु कॅप्रोलॅक्टमचा माल सेंद्रिय रसायनाच्या प्रक्रियेतून येतो आणि आपला माल निकेल-कोबाल्टच्या टाकीतून येणार आहे. खत दरवर्षी त्याच शेतात पडते. निकेल वाहून जात नाही, साचत राहते. रसायनदृष्ट्या मीठ तेच असले, तरी त्याच्या पोटात काय आहे यावर माझ्या शेताचे भवितव्य अवलंबून आहे. प्रत्येक लॉटचा निकेल, कोबाल्ट आणि कॅडमियमचा अहवाल शेतकऱ्यासमोर ठेवण्याची तयारी नसेल, तर हा मार्ग घेऊ नये ही विनंती.

कलाभवन_रसायन

पादऱ्याच्या मित्रांच्या म्हणण्याला रसायनशास्त्राचाही पाठिंबा आहे. अमोनिया निकेलशी आणि कोबाल्टशी विद्राव्य संयुगे करते, त्यामुळे पीएच वाढवून धातू पूर्णपणे पाडता येत नाहीत आणि ते थेट मिठात जातात. कॅथोडचे प्रिकर्सर, म्हणजे पूर्वद्रव्य, करणाऱ्या कारखान्यांत, जिथे अमोनिया मुद्दाम वापरतात, तिथल्या सोडियम सल्फेटलाही हेच दुखणे असते: एका टन प्रिकर्सरमागे सुमारे दीड टन मीठ, आणि त्यात अमोनिया व निकेल दोन्हींचे अंश. बाष्पीभवनापूर्वी अमोनिया स्ट्रिपिंग (अमोनिया द्रावणातून उडवून काढणे) आणि नंतर धातू पकडणारे निवडक आयन-विनिमय रेझिन लावले, तरच ते हाताळण्याजोगे होते. तुम्ही सोडियमवरच राहावे.

लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांचा ब्लॅक मास पुढे वाढत जाणार आहे, त्याचाही विचार आताच करावा. त्यात निकेल-कोबाल्ट नसल्यामुळे सगळे विरघळवण्याची गरज नसते. पेरॉक्साइडच्या साहाय्याने आणि नेमक्या तेवढ्याच आम्लात केवळ लिथियम बाहेर काढून लोह-फॉस्फेट घन स्वरूपातच ठेवता येते. आम्ल कितीतरी कमी लागते, म्हणून सल्फेटही कमी निघते. सल्फेट कमी करण्याचा आज तुमच्या हातात असलेला सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे: दोन जातींचा माल टाकीत एकत्र करू नये आणि आम्लाची मात्रा अंदाजाने न घालता प्रत्येक लॉटच्या विश्लेषणानुसार घालावी. जादा टाकलेले प्रत्येक किलो आम्ल जवळजवळ दीड किलो मीठ होऊन परत येते.

बाष्पीभवन_नंदेसरी

फ्लोराइड मिठात निश्चित उतरते आणि त्याआधी ते तुमच्या स्टेनलेस स्टीलला खाते, म्हणून ते बाष्पीभवनापर्यंत येऊच देऊ नये. लोह-ॲल्युमिनियम काढण्याच्या टप्प्यावर काही फ्लोराइड ॲल्युमिनियमसोबत जाते. उरलेल्यासाठी कॅल्शियम घालून कॅल्शियम फ्लोराइड पाडावे लागते, परंतु त्याच वेळी जिप्समही पडते आणि पुढे कॅल्शियमचा थर नळ्यांवर बसतो. म्हणून हा टप्पा छोट्या वेगळ्या टाकीत, फिल्टर प्रेससह, एक्स्ट्रॅक्शनच्या आधी ठेवावा, आणि त्याची केक, म्हणजे दाबून निघालेला गाळ, इतर कोणत्याही गाळात मिसळू नये. सांडपाणी प्रक्रियेचा रासायनिक गाळ घातक कचरा नियम 2016 च्या पहिल्या अनुसूचीत 35.3 या क्रमांकाखाली येतो, आणि निकेल असलेली केक त्यात मिसळली, तर सगळाच ढीग महाग होतो.

लिथियम कार्बोनेटच्या टाकीबद्दलही एक सूचना करतो. कार्बोनेट गरम द्रावणात कमी विरघळते, म्हणून ते 90 अंशांच्या वर पाडतात. तरीही मदर लिकरमध्ये लिटरला दीड ते दोन ग्रॅम लिथियम उरते. हे द्रावण तसेच वाफवले, तर सोडियम सल्फेटसोबत लिथियम-सोडियम सल्फेटचे दुहेरी मीठ पडते आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच लिथियम मिठाच्या पोत्यातून बाहेर जाते. थंड करून आधी ग्लॉबर सॉल्ट काढावे आणि लिथियम राहिलेले द्रावण परत कार्बोनेटच्या टाकीकडे फिरवावे. मात्र ते सतत फिरवत राहिल्यास क्लोराइड, पोटॅशियम आणि फ्लोराइड साचत जातात, म्हणून एक ठरावीक भाग नियमितपणे बाहेर काढावाच लागतो, आणि तुमच्या प्रकल्पात टीएसडीएफकडे जाणारे खरे मीठ या बाहेर काढलेल्या भागाचे, म्हणजे पर्जचे, असेल. ते रोज काही शे किलोंपलीकडे जाऊ नये, असा आराखडा करावा.

परवानगीबाबत सांगायचे तर, अर्जात "उपउत्पादन" एवढेच लिहू नये. त्याच घातक कचरा नियमांतील नववा नियम टाकाऊ पदार्थाचा दुसऱ्या उद्योगात वापर करण्यासाठी स्वतंत्र परवानगीची तरतूद करतो. प्रदूषण नियंत्रण मंडळ तुम्हाला खरेदीदार कोण, त्याची प्रक्रिया कोणती आणि मालातील धातू किती, हे विचारणारच. प्रायोगिक संचातून निदान काही किलो मीठ काढून त्याचे निकेल, कोबाल्ट, फ्लोराइड आणि लिथियम तपासून घ्यावे, आणि तो नमुना डिटर्जंटवाल्याकडे नेण्याआधी काच कारखान्याकडे व रंगाई घरांकडे न्यावा. रंगाईवाल्याला सांगूनच न्यावे की हे बॅटरीचे मीठ आहे, कारण कोबाल्ट आणि निकेलचा अंश रंगाची छटा बदलतो आणि ते त्याला पहिल्याच घाण्यात कळेल.

मंजूसर_प्रक्रिया

फ्लोराइडची टाकी आणि थंड स्फटिकीकरण आराखड्यात घेतले आहे. लोह-फॉस्फेटच्या मालासाठी वेगळी लीचिंग (आम्लात विरघळवण्याची) टाकी ठेवण्यास व्यवस्थापनाने तत्त्वतः मान्यता दिली आहे. प्रायोगिक संचातील मीठ निघाले, की धातूंचे आकडे येथेच देईन, आणि पादऱ्याच्या मित्रांनी ते तपासून पाहावेत अशी विनंती करतो.

पादरा_शेती

जरूर पाहीन. आकड्यांसोबत पर्जच्या मिठाचे रोजचे वजन आणि ते नेणाऱ्या गाडीची पोचपावती हीही द्यावी.